घरच्या बीटवरचा फौजी

श्रावण मेश्रामच्या कमरेचं माप मला पाचवीपासून पाठ आहे. मुलचेऱ्याच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. त्याची चड्डी सुतळीने बांधलेली असायची, आणि माझे अब्बा गावातले टेलर, त्यामुळे ती कुठे उसवली की सगळा वर्ग माझ्याकडे बघायचा. पुढे तो फौजेत गेला आणि मी अब्बांच्या मशीनवर बसलो. सतरा वर्षं त्याने बर्फात, वाळूत आणि आसामच्या पावसात काढली. मी काजं-बटणं केली. तो नायक होऊन परत आला तेव्हा आम्ही दोघेही सदतीस वर्षांचे होतो. माझं पोट पुढे आलं होतं आणि त्याचं पाठीला चिकटलेलं होतं.

फौजेतून सुटलेल्या माणसाला आमच्याकडे एकच काम सुचवतात, कुठल्या तरी गेटवर उभं राहण्याचं. श्रावणनेही एका कोळसाखाणीच्या गेटवर आठ महिने काढले. साहेबांच्या गाडीला सलाम, ट्रकचा नंबर, पुन्हा सलाम. मग एक दिवस तो ट्रंक घेऊन थेट माझ्या दुकानात आला. "तिथी मी उभा आहो का नाई, कोनाले काई फरक पडत नाई गा, बशीर," एवढंच म्हणाला आणि चहा मागवला.

त्यानंतर त्याने वनरक्षकाच्या भरतीचा फॉर्म भरला. माजी सैनिकांच्या काही जागा राखीव होत्या. विशी-बाविशीच्या पोरांबरोबर तो धावला आणि निम्म्या पोरांना मागे टाकून आला. नेमणूक झाली ती नेमकी त्याच्याच गावच्या बीटवर, म्हणजे पाथरटोल्याला लागून असलेल्या जंगलात. पाथरटोला मुलचेऱ्यापासून सहा किलोमीटर. तिथे त्याची विधवा आई गिरजाबाई आणि बायको नंदिनी राहत होत्या. मी त्याच्याकडे हक्काने पेढे मागितले. आईच्या हातची भाकरी खाऊन सरकारी नोकरी करायची, याहून माणसाला काय पाहिजे, असं मला वाटलं. मला बऱ्याच गोष्टी वाटतात आणि त्या मी लगेच लोकांना सांगतो. ही माझी जुनी खोड आहे.

खाकीचे दोन जोड मीच शिवले. शर्टाच्या फिटिंगवरून त्याने मला तीनदा शिलाई उसवायला लावली.

"जंगलात तुही फिटिंग कोण पाहणार आहे, अस्वल?" मी वैतागून विचारलं.

"मी पाह्यतो ना," तो म्हणाला.

पहिलं वर्ष गमतीत गेलं. गमतीत म्हणजे आमच्या; त्याच्या नव्हे. त्याने पाथरटोल्याच्या विहाराबाहेरच्या फळ्यावर खडूने वेळापत्रक लिहिलं: सरपण आणायला मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी आठ ते दहा. बायांनी ते कौतुकाने वाचलं आणि सोमवारी पहाटे पाच वाजता मोळ्या घेऊन त्याच्या समोरून गेल्या. "जय भीम, फौजी," असंही म्हणाल्या. तो ओरडला तर त्या हसल्या. ज्या बायांनी तुम्हाला नागडं नाचताना पाहिलंय त्यांच्यावर हुकूम कसा चालवायचा, हे फौजेत शिकवत नसावेत. पण उन्हाळ्यात जंगलाला वणवा लागला तेव्हा हाच माणूस पळसाच्या फांद्या घेऊन दोन दिवस आगीशी झोंबत होता. भुवया जाळून घेतल्या. तेव्हापासून गाव त्याला मनापासून फौजी म्हणू लागलं आणि तोही थोडा ढिला झाला. फळ्यावरचं वेळापत्रक त्याने स्वतःच पुसलं.

गेल्या मार्चमध्ये त्या जंगलात वाघीण आली. आमच्या लहानपणी या बाजूला वाघ फक्त म्हाताऱ्यांच्या बोलण्यात असायचा. आता चार-पाच वर्षांत परत दिसू लागला आहे. ही वाघीण तीन पिल्लांसह नाल्याच्या काठी राहिली. पंधरा दिवसांत दोन बैल आणि एक गोऱ्हा गेला. झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यात तिचे फोटो आले आणि वरून आदेश आला: नाल्याकडचं जंगल बंद, कोणीही आत जायचं नाही, जबाबदारी बीटच्या गार्डची. श्रावणने बोर्ड लावले, दवंडी दिली, घरोघर जाऊन हात जोडले.

पण मार्च म्हणजे मोहाची फुलं वेचून, वाळवून विकायचा मोसम, आणि मोहाची सगळी चांगली झाडं नाल्याकडेच. हे बाहेरच्याला कळायला थोडं अवघड आहे, म्हणून सांगतो. पाथरटोल्यात प्रत्येक घराची मोहाची झाडं ठरलेली आहेत. कागद कुठेच नाही. जंगल सरकारचं, पण मोह घराचा. सासू सुनेला झाडं दाखवते आणि सून तिच्या सुनेला. दुसऱ्याच्या झाडाखालचं एक फूलही कोणी उचलत नाही. मात्र एखादं झाड एक पूर्ण मोसम वेचल्यावाचून राहिलं, फुलं खाली पडून सडली, तर त्या घराने ते सोडलं असं धरतात. पुढच्या साली ज्याला पाहिजे तो त्याखालची जमीन झाडून घेतो. गिरजाबाईंची अशी चार झाडं होती आणि चारीला नावं होती: थोरली, गोडी, बहिरी आणि कुबडी. कुबडी तर अगदी नाल्याच्या थडीवर.

फुलं पहाटे गळतात, म्हणून बाया अंधार फुटायच्या आत टोपल्या घेऊन निघायच्या. श्रावण पाऊलवाटेवर लाठी घेऊन उभा राहायचा. त्या दुसऱ्या वाटेने जायच्या. तो तिकडे धावला की पहिल्या वाटेने. कोणाची टोपली हिसकावली तर दुपारी ती घरी येऊन भांडायची, आणि हा मुकाट्याने टोपली परत द्यायचा. बंदूक गार्डला मिळत नाही. मारता येत नाही, गुन्हा दाखल करायचा तर साऱ्या गावावर करावा लागेल. तो रोज दुपारी माझ्या दुकानातल्या बाकावर येऊन बसायचा. वाळत चालला होता.

"थे वाघीण वेचणाऱ्या बाईच्या पाठीमागं उभी राह्यली तं बाईले पत्ता बी लागणार नाई," तो म्हणाला. "खाली वाकून असते ना त्या. वाघाले वाटते, जनावर चरून राह्यलं. मी सांगतो, कोनी आयकत नाई. फौजेत माह्या हाताखाली नऊ जण होते, बशीर. नऊच्या नऊ जिते घरी गेले. इथी एक बाई आयकत नाई."

"त्यात तुही माय बी आहे का?" मी विचारलं.

तो बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागला. म्हणजे होती.

मी सुई खोचून ठेवली आणि त्याला सुनावलं. "तं मंग लोक काऊन आयकतीन तुहं? गार्डची मायच जाते म्हणल्यावर बाकीच्या काऊन थांबतीन? पह्यले आपली माय अडव, अन चार लोकाइच्या समोर अडव. मंग पाय, गाव आपोआप थांबते का नाई."

हे मी सांगितलं. दुसऱ्या कोणी नाही, मी. आणि सांगताना मला स्वतःच्या हुशारीचं बरंच कौतुक वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो पाऊलवाटेवर उभा राहिला. दहा-बारा बाया आल्या, त्यात गिरजाबाई. त्याने बाकी कोणाला हात लावला नाही. आईसमोर गेला आणि तिच्या डोक्यावरची टोपली काढून घेतली.

"माय, वापस जा."

"मले अडवतं तू? ह्याच मोहावर तुह्या बापाचं दुखणं काढलं मीनं."

"वापस जा म्हणलं ना."

त्याने फौजेतला आवाज काढला होता म्हणे. गिरजाबाई पासष्टीच्या, आयुष्यात कोणापुढे गप्प न बसलेल्या. पण त्या मुकाट्याने वळल्या आणि घरी गेल्या. त्यांच्या मागे एकेक करून सगळ्या वळल्या. त्यानंतर तीन दिवस नाल्याकडे एकही बाई गेली नाही. मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत सुटलो की ही आयडिया कोणाच्या डोक्यातली.

गिरजाबाई मात्र घरात जीव मुठीत धरून बसल्या होत्या. त्यांना वाघिणीची भीती नव्हती. झाडं जातील याची होती. पहाटे वारा सुटला की मोहाचा वास थेट अंगणात यायचा आणि त्यांना कळायचं की फुलं पडून राह्यलीत. सासूने दाखवलेली झाडं आपल्या हातून जाणार, नंदिनीला काय दाखवायचं? मुलाने अडवलं होतं ते आपल्याला. झाडांना थोडंच अडवलं होतं? असा त्यांचा हिशेब होता, आणि खोटं कशाला बोला, पाथरटोल्यातल्या कुठल्याही बाईने हाच हिशेब केला असता.

त्यांच्या शेजारी धुरपता राहायची. पन्नाशीची, नवरा गेल्यावर भावाकडे परत आलेली. सासरची झाडं सासरी राहिली आणि माहेरची भावजयीची झाली, त्यामुळे तिला स्वतःचं एकही झाड नव्हतं. दर साली ती दुसऱ्यांचा मोह वाळवायला मदत करायची आणि ओंजळ-दोन ओंजळ घेऊन यायची. गिरजाबाईंनी तिला बोलावलं आणि म्हटलं, यंदा माझी चारी झाडं तू वेच, अर्धं तुझं, अर्धं माझं. अशी बोली गावात नेहमीची आहे. कोणी बाळंतीण असली, आजारी असली की झाडं अशी अर्ध्यावर देतात, म्हणजे ती ओस पडत नाहीत. श्रावणला सांगायचं गिरजाबाईंच्या मनातही आलं नाही. बायकांची झाडं, त्यात त्याचा काय संबंध?

आणि धुरपताला तर ते परवानगीच वाटलं. निघताना ती भावजयीला म्हणाली होती, "गार्डच्या मायनं सांगतलं म्हंजे गार्डनंच सांगतलं. त्याईले समोरून बोलता येत नाई, नोकरीचा माणूस." हे आम्हाला मागाहून कळलं. ती मोठ्या आनंदात गेली होती. आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडे चार झाडं होती, मग ती एका मोसमापुरती का असेनात.

त्या सकाळी श्रावण बीटच्या दुसऱ्या टोकाला होता. गाव थांबलं, आता नाल्याच्या वाटेवर पहारा कशाला, म्हणून तो तिकडे पाचोळा काढायच्या कामावर गेला होता. चौकीवर परत आला तेव्हा दहा वाजले होते आणि गिरजाबाई दारात उभ्या होत्या. मुलाशी तीन दिवस त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"धुरपता आली नाई अजून," त्या म्हणाल्या.

"कुठून?"

"कुबडीखालून."

त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग तो लाठी घेऊन धावत सुटला. गावातली माणसं कुऱ्हाडी आणि डबे वाजवत मागून गेली. कुबडीखाली जमीन स्वच्छ झाडलेली होती. टोपली नीट ठेवलेली, अर्धी भरलेली. धुरपता तिथून चाळीस पावलांवर नाल्यात सापडली. श्रावणने अंगातला शर्ट काढून तिच्यावर घातला. त्यापुढचं मला त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

दुपारपर्यंत विहारासमोर सारं गाव गोळा झालं. मीही पोचलो होतो. धुरपताचा भाऊ गुणवंतराव शांत माणूस आहे, त्याचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नाही. त्या दिवशीही चढला नाही.

"फौजी, आपल्या मायले तू घरी बसवलं," तो म्हणाला, "अन तिच्या झाडाखाली माह्या बहिणीले पाठवलं. काऊन?"

श्रावण बनियनवर उभा होता. 'मला माहीत नव्हतं' एवढं त्याने म्हटलं असतं तर तो सुटला असता. पण तसं म्हणणं म्हणजे बोट आईकडे दाखवणं होतं. तो खाली बघत उभा राहिला. मी गर्दीत मागे होतो. पुढे होऊन सांगायला पाहिजे होतं की भाऊ, हा सल्ला माझा होता. रोज दहा माणसांना सल्ले देणाऱ्या माझ्या जिभेला त्या दिवशी टाळं लागलं, आणि याची मला अजून लाज वाटते.

शेवटी गिरजाबाई पुढे आल्या. "मीनं पाठवलं थिले. ह्याले मालूम नव्हतं," त्या म्हणाल्या. कोणी त्यांना शिव्या दिल्या नाहीत. लोक हळूहळू उठून गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं नंदिनी मला म्हणाली.

श्रावणने रिपोर्टात जे घडलं तेच लिहिलं, आईच्या नावासकट. त्याला नोटीस आली: बंदी असताना महिला आत गेलीच कशी, खुलासा करावा. नाल्याकडे पिंजरा लावला. त्यात बकरी बांधली. वाघीण पिंजऱ्याभोवती फिरून जायची, कॅमेऱ्यात दिसायची, आत जायची नाही.

पाचव्या दिवशी पहाटे गिरजाबाई उठल्या, दुसरी टोपली घेतली आणि जंगलाची वाट धरली. श्रावण त्याच जागी उभा होता.

"माय, कुठी जातं?"

"धुरपताचा अर्धा द्याचा आहे. बोली झाली होती. गुणवंतच्या घरी पोचवल्याशिवाय मले अन्न जाणार नाई."

"माय, थे तिथीच आहे अजून. पिलं आहेत तिच्याजवळ."

"असू दे."

त्या थांबल्या नाहीत. हे सांगताना श्रावण स्वतःच्या हाताकडे बघत होता. टोपली काढून घ्यायला त्याने हात उचलायचा प्रयत्न केला, पण तो वर गेलाच नाही. एकदा त्या हाताने आईला अडवलं होतं आणि त्यातून काय झालं ते त्याने नाल्यात पाहिलं होतं. तिला एकटीला सोडवेना, म्हणून तो मागोमाग गेला. ती झाडाखाली वाकून वेचत होती आणि तो तिच्याकडे पाठ करून, नाल्याकडे तोंड करून, हातात लाठी धरून ऊन वर येईपर्यंत उभा राहिला. आदेश मोडला होता, नोकरी जाऊ शकत होती. दोन-चार दिवसांचं काम आहे, धुरपताचा वाटा पुरा झाला की माय थांबेल, असं त्याने मनाला समजावलं.

दुसऱ्या दिवशी त्या दोघांच्या मागे तीन बाया आल्या. तिसऱ्या दिवशी अकरा. श्रावण त्यांच्यावर ओरडला, हात जोडले, एकीच्या पाया पडला. ती म्हणाली, "तू सोबत आहेस ना फौजी, मंग भेव कायचं?" दुसरी जरा तिखट होती. "काऊन, तुह्या मायलेच राखतं का? आमी मेलो तं चालते?" विहारासमोर गुणवंतरावाने विचारलेलंच ती दुसऱ्या शब्दांत विचारत होती. आईबरोबर उभा आहे म्हणजे त्यांना परवानगी आहे, आणि आईला सोडून निघाला तर आई एकटी. बाया आपापल्या झाडांखाली पांगल्या. थोरलीपासून कुबडीपर्यंत अर्धा किलोमीटर जंगल, ठिकठिकाणी वाकलेल्या पाठी, आणि हा एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे धावतोय, डबा वाजवतोय, प्रत्येकीला नाव घेऊन हाक मारतोय, उत्तर आलं की पुढे.

दहा-बारा दिवस असे गेले. एका दुपारी तो दुकानात आला. खांद्याची शिलाई फाटली होती, म्हणून शर्ट काढून माझ्याकडे दिला. घेताना त्याचा हात लागला तर तव्यासारखा तापलेला. डोळे लाल. हाका मारून आवाज पार बसलेला.

"तुले बुखार आहे गा," मी म्हटलं. "दवाखान्यात चाल. अन उद्या घरी पडून राह्य. एक दिवस नाई गेला तं काई आभाळ नाई कोसळत."

तो बाकावर भिंतीला टेकून बसला. डोळे मिटले. मला वाटलं झोपला.

"माय म्हणते, गुणवंतच्या घरचा वाटा पुरा झाला," तो मिटल्या डोळ्यांनीच म्हणाला. "आता माय थांबाले तयार आहे."

"मंग झालं तं. सुटलास."

"काल मायले घरी ठेवून मी एकटाच चौकीवर गेलो होतो. पाहावं म्हणलं काय होते. तं चौदा बाया चौकीसमोर येऊन बसल्या. म्हणे, चाल फौजी, उशीर होऊन राह्यला." त्याने डोळे उघडले. "मी उद्या घरी राह्यलो तं त्या थांबतीन, असं तुले वाटते का, बशीर?"

मी फाटलेल्या खांद्यावर टाके घालू लागलो. तो उठला, अर्धवट शिवलेला शर्ट माझ्या हातातून घेतला आणि घातला.

"राहू दे," तो म्हणाला. "पहाटे जाचं आहे. घडीभर झोपतो."